रंग नंतर, आधी पाणी शोधा

गेल्या अंकात म्हटलं होतं की घरातली ओल आणि बुरशी यावर काय विचारायचंय ते पाठवा, तर इतकी पत्रं आली की सगळी घेणं शक्यच नाही. सारखी होती ती एकत्र केलीयेत आणि नावं मुद्दाम काढून टाकलीयेत, कारण बऱ्याच जणांनी घरमालकाबद्दल नाहीतर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांबद्दल लिहिलंय आणि त्यांना तिथेच राहायचंय. एक प्रश्न मात्र जवळपास प्रत्येक पत्रात आहे, कुठला रंग लावू, कुठला स्प्रे मारू. घरदुरुस्तीच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला एवढंच सांगायचंय की बुरशीचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तिच्या बियांसारखे कण, सगळ्याच घरांच्या हवेत असतात, ते हाकलून लावता येत नाहीत, आणि त्यांना खायला धूळ, कागद, लाकूड, वॉलपेपर काहीही चालतं. आपल्या हातात राहतं ते फक्त पाणी. ते कुठून येतंय हे कळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नका.

प्रश्न : ताई, आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात कपाटामागे दरवर्षी काळे ठिपके येतात. ब्लीच मारलं की आठ दिवस भिंत स्वच्छ दिसते, महिन्याभरात परत जैसे थे. वर गच्ची नाही, त्या भिंतीत पाइप नाही. मग पाणी येतंय कुठून?

हवेतून येतंय. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. ३० डिग्रीला एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं, २० डिग्रीला १७ ग्रॅम आणि १० डिग्रीला जेमतेम साडेनऊ. आता समजा तुमच्या खोलीत २५ डिग्री आहे आणि आर्द्रता ६० टक्के, म्हणजे तसं काही वाईट नाही, बसलं तर दमटसुद्धा वाटणार नाही. पण तीच हवा कपाटामागे गेली आणि तिथली भिंत २० डिग्री असली तर भिंतीला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, आणि एवढी आर्द्रता दिवसच्या दिवस टिकली की बुरशी धरते. लक्षात घ्या, अजून पाण्याचा एक थेंबही दिसलेला नाही. थेंब दिसायला भिंत आणखी गार, साधारण पावणेसतरा डिग्री व्हावी लागते. म्हणून लोक भिंतीवर हात फिरवतात, कोरडी लागते आणि म्हणतात ओल नाहीच मुळी.

कोपराच का, तर बाहेरच्या दोन भिंती जिथे मिळतात तो भाग सगळ्यात गार असतो, आणि वर कपाट चिकटवून ठेवलं की खोलीतली ऊब तिथपर्यंत पोचत नाही आणि वाराही फिरत नाही. एका घरात आम्ही कपाट ओढलं तर मागे भिंतीवर अख्ख्या कपाटाचा आकार काळ्या ठिपक्यांनी उमटलेला होता, वरची कड अगदी पट्टी लावून आखल्यासारखी, आणि त्या चौकटीच्या बाहेर भिंत पांढरीशुभ्र. तीन वेळा रंग दिला होता त्यांनी. कपाट चार बोटं पुढे सरकवायचं मात्र कोणी सुचवलं नव्हतं.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, तुमच्या भिंतीला विचारा. ठिपके नसलेल्या जागी हातभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्या, चारही कडांना घट्ट टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. खोलीच्या बाजूने फॉइलवर बाष्प धरलं तर हवेतला दमटपणा, आणि काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या असतील तर दोन्ही भानगडी आहेत, तेही होतं.

जोडीला एक साधा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या. स्वस्तातला असला तर तपासूनही घ्या, बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घाला, ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा, आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दाखवत असेल तर तुमचं यंत्र पाच कमी सांगतंय, तेवढं मिळवून वाचायचं. घरात आर्द्रता ६० च्या खाली आणि जमलं तर ३० ते ५० च्या मध्ये ठेवा असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते. पावसाळी दमट हवेत ५० शक्य नसतं हे मलाही माहितीये, पण ७५ आणि ६० मध्ये सुद्धा भिंतीसाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता ब्लीचबद्दल. गिलावा सच्छिद्र असतो, ब्लीचमधलं पाणी आत मुरतं आणि रंग घालवणारं औषध वरच्यावर राहतं, म्हणून डाग पांढरा होतो पण आतली बुरशी शिल्लक राहू शकते, वर तिला आयतं पाणी मिळतं. शिवाय मेलेली बुरशीसुद्धा अ‍ॅलर्जीला पुरेशी असते, त्यामुळे मारून भागत नाही, पुसून काढावी लागते. त्यासाठी साबणाचं पाणी आणि कापड बास. कोरड्या ब्रशने अजिबात घासू नका, साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, पंखा बंद ठेवा, एन-९५ मास्क, हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल घाला, फडकं वापरून झालं की पिशवीत बांधून टाकून द्या आणि भिंत पूर्ण वाळू द्या. साधारण दहा चौरस फुटांपर्यंत हे घरच्या घरी करता येतं, त्याहून मोठं असेल तर माहितगार माणूस बोलवा. आणि ब्लीच वापरायचंच असेल तर कृपा करून अमोनियावाल्या क्लीनरमध्ये किंवा टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका, बंद बाथरूममध्ये त्यातून निघणारा वायू जिवावर बेततो.

प्रश्न : जमिनीलगत भिंतीवर पांढरी कापसासारखी पावडर येते, पोपडे सुटतात. ही पांढरी बुरशी आहे का? मुलांना त्या खोलीत झोपवू का?

बहुतेक हा लोणा आहे, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, बुरशी नाही. खात्री करायला त्या पावडरवर पाण्याचे दोन-चार थेंब टाका, विरघळली तर क्षार, बुरशी विरघळत नाही. बोटांत चोळली की क्षार कुरकुरीत लागतात आणि त्याला कुबट वास येत नाही.

या क्षारांनी मुलं आजारी पडणार नाहीत, पण तो फुकटचा निरोप आहे की जमिनीतून किंवा बाहेरून पाणी विटांमधून वर चढतंय, पृष्ठभागावर येऊन वाळतंय आणि क्षार मागे ठेवून जातंय. जमिनीतली ओल सहसा तीन-साडेतीन फुटांच्या वर जात नाही, म्हणून डाग त्याहून उंच असेल तर दुसरं कारण शोधा. आधी घराबाहेर जाऊन बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं : भिंतीला टेकून मातीचा ढीग किंवा झाडांचा वाफा केलाय, पन्हाळीचं पाणी थेट जोत्याशी पडतंय, नाहीतर फरशीचा उतार घराकडे आहे. हे आधी सोडवा. आतून वॉटरप्रूफ रंग फासला की पाणी थांबत नाही, ते त्याच्यामागे वर चढत जातं आणि जो डाग गुडघ्याएवढा होता तो कमरेला येतो. क्षार कोरड्या ब्रशने झाडून घ्या (इथे कोरडा ब्रश चालतो), पाण्याने धुऊ नका, परत आत मुरतात.

प्रश्न : छतावर पिवळा डाग आहे, बरोबर वर शेजाऱ्यांचं बाथरूम. ते म्हणतात आमच्याकडे काही गळत नाही, प्लंबरने बघितलंय. आता भांडण सोडून काय करू?

पेन्सिल घ्या. खरंच सांगते. डागाच्या कडेने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा, चार दिवसांनी डाग बाहेर सरकला असेल तर परत रेघ, परत तारीख. सोबत वहीत लिहा की पाऊस होता का आणि वरचं घर बंद होतं का. तीन आठवड्यांत छत स्वतःच साक्ष देतं आणि शेजारीही असल्या नकाशासमोर आवाज चढवत नाहीत, माझा तरी अनुभव तसा आहे.

डाग कसा वाढतो त्यावरून बरंच कळतं. वरचे गावाला गेले तरी वाढतोय तर पाणी येणारी लाइन असण्याची शक्यता जास्त, कारण तिच्यात सतत दाब असतो. अशा वेळी त्यांना सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर असेल तर दोन तास बघायला सांगा, आकडा हलला की उत्तर मिळालं. ते असताना वाढतो आणि नसताना थांबतो तर सांडपाण्याचा पाइप, ट्रॅप, नाहीतर टाइल्सच्या सांध्यात भरलेला मसाला, म्हणजे ग्राऊट. त्यासाठी वरच्या बाथरूमची जाळी बंद करून इंच-दीड इंच पाणी २४ तास भरून ठेवायचं, थोडा खायचा रंग घातला तर आणखी चांगलं. पाणी खाली आलं तर जमीन गळतेय. नाही आलं तर जाळी उघडून सोडा, मग आलं तर पाइप. प्लंबर "बघतो" तेव्हा तो बहुतेक वेळा नळच बघतो, जमिनीची परीक्षा घेत नाही, म्हणून शेजारी खोटं बोलतायत असं धरून चालू नका.

फक्त पाऊस पडला की वाढतो असं निघालं तर बिचाऱ्या बाथरूमचा काही संबंध नाही, बाहेरच्या भिंतीतल्या भेगा आणि खिडकीच्या कडा बघा. एक अजून, गळती बंद झाली की लगेच छत रंगवू नका. स्लॅब वाळायला आठवडे लागतात, जाड असेल तर महिने.

प्रश्न : काळी बुरशी विषारी असते असं वाचलं आणि झोप उडालीये. मुलाला दमा आहे. लॅबमध्ये तपासून घेऊ का कुठली बुरशी आहे ते?

तुमची काळजी रास्त आहे, फक्त ती रंगापाशी अडकू देऊ नका. ज्या काळ्या बुरशीची एवढी चर्चा होते ती स्टॅकिबोट्रिस, सतत भिजलेल्या कागदावर, जिप्सम बोर्डावर वाढणारी. १९९० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला तेव्हा संशय तिच्यावर गेला आणि तिथून ही भीती जगभर पसरली. पुढे २००० मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनेच, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनेच, सगळं परत तपासून सांगितलं की तो संबंध सिद्ध झालेला नाही. काळ्या दिसणाऱ्या बुरशा कितीतरी आहेत आणि नुसता रंग बघून कुठली ते सांगता येत नाही.

पण याचा अर्थ निर्धास्त व्हा असा घेऊ नका, उलट मला म्हणायचंय की हिरवी असो, राखाडी असो, दम्याच्या मुलाला कुठलीच चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ओलसर घरांत दमा आणि श्वासाचे त्रास जास्त आढळतात हे स्पष्ट आहे, आणि हेही आहे की अमुक एवढे बीजाणू चालतील असा सुरक्षित आकडा ठरवता येत नाही. म्हणजे लॅबचा रिपोर्ट हातात आला तरी त्याची तुलना कशाशी करणार? त्यातून निघणारा सल्ला तोच, काढा आणि ओल थांबवा. तपासणीचे पैसे दुरुस्तीला लावा.

आजचं काम म्हणजे मुलाची झोपायची जागा त्या खोलीतून हलवा, भिंत साफ करताना त्याला घराबाहेर ठेवा आणि ते काम त्याच्या हातात चुकूनही देऊ नका. डॉक्टरांना नुसतं "खोकला वाढलाय" न सांगता घरात बुरशी आहे हे सांगा, शक्य असेल तर फोटो दाखवा. बाहेरगावी गेल्यावर त्याला बरं वाटतं आणि घरी आल्यावर परत सुरू होतं, असं असेल तर तेही आवर्जून सांगा.

प्रश्न : आम्ही भाड्याने राहतो. तीन भिंतींना बुरशी आहे. घरमालक म्हणतात तुम्ही खिडक्या उघडत नाही, घरात कपडे वाळत घालता, तुमचीच चूक. दुरुस्ती करायला तयार नाहीत. खरंच आमची चूक आहे का?

हे पत्र मी तीन वेळा वाचलं, कारण अशी अजून अकरा पत्रं आहेत.

थोडं तथ्य असतं त्यात आणि ते मी लपवणार नाही. चार माणसांचं घर श्वास, अंघोळ, स्वयंपाक, धुणं मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतं, त्यात मशीनभर ओले कपडे आत वाळवले की दोन लिटर एका झटक्यात. तेव्हा अंघोळीनंतर एक्झॉस्ट अर्धा तास चालू आणि बाथरूमचं दार बंद, शिजवताना झाकण, कपडे एकाच खोलीत दार लावून खिडकीशी वाळवणं, हे सगळं करा. पण लोक घर बांधतात ते श्वास घेणाऱ्या, अंघोळ करणाऱ्या माणसांनी राहावं म्हणूनच ना? चार माणसं साधेपणाने राहिली आणि तीन भिंती काळ्या झाल्या तर त्या घरात वारा खेळायची सोय नाही, नाहीतर भिंती पाणी घेतायत, आणि दोन्ही गोष्टी भाडेकरूच्या हातातल्या नाहीत.

"खिडक्या उघडा" हा सल्लाही सरसकट देण्यासारखा नाही. बाहेर पावसाळी हवा २७ डिग्री आणि ९० टक्के आर्द्रतेची असेल तर ती २५ डिग्रीच्या भिंतीवर पाणी सोडते. अशा दिवसांत दिवसभर खिडक्या टाकून ठेवल्या तर आपणच ओल आत बोलावतो. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असते तेव्हा समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा-पंधरा मिनिटं सताड उघडायच्या, त्याने जे होतं ते एक खिडकी दिवसभर किलकिली ठेवून होत नाही.

इंग्लंडमध्ये रॉचडेलला काय झालं ते सांगते. भाड्याच्या सामाजिक घरात, म्हणजे गृहसंस्थेने कमी भाड्यात दिलेल्या घरात, राहणाऱ्या एका कुटुंबाने २०१७ मध्ये बुरशीची तक्रार केली तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की वरून रंग मारा. पुढे तक्रारी होत राहिल्या, राहणीमानाकडे बोट दाखवलं गेलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा गेला. २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं की मृत्यूचं कारण घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेला श्वसनाचा आजार. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तिथे ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, सामाजिक घरमालकांना गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली की दहा कामकाजाच्या दिवसांत पाहणी करावीच लागते, तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल. प्रत्येक ठिकाणी असा कायदा नाही, पण "रंग मारा, तुमचीच चूक" या उत्तराची किंमत काय असू शकते हे दाखवायला एवढं पुरे आहे.

तुम्ही असं करा, रोज सकाळ-संध्याकाळ हायग्रोमीटरचा आकडा लिहून ठेवा, तिन्ही भिंतींचे तारखेसकट फोटो काढा, फॉइलची परीक्षा तिथे करून तिचाही फोटो घ्या, आणि तोंडी बोलणं थांबवून सगळं लेखी पाठवा, पोच घ्या. आकडा ५५-६० च्या आत राहूनही बुरशी वाढत असेल किंवा फॉइल भिंतीकडून ओली निघाली तर तुमच्या राहण्याच्या पद्धतीचा प्रश्नच मिटला, भिंत दुरुस्त करायची आहे. आणि हो, तुमची चूक नाही.

थोडक्यात काही

*एसी लावला की ओल जाते का?* थंड करताना हवेतलं पाणी निघतं, पण खोलीच्या मानाने एसी फार मोठा असेल तर तो दोन मिनिटांत गार करून बंद पडतो आणि दमटपणा तसाच राहतो. नुसता फॅन मोडवर ठेवला तर कॉइलवर धरलेलं पाणी परत खोलीत येतं. ड्रेनचा पाइप तुंबलाय का तेही बघा.

*कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे?* बंद कपाटात, सुटकेसमध्ये ठीक. खोलीसाठी नाही, दहा लिटरपुढे त्या पावशेर डब्याचं काय चालणार. खाली साठलेलं पाणी खारट आणि चिकट असतं, कपड्यांवर सांडू देऊ नका. खोलीला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं विजेवरचं यंत्र, लागतो, तो चालू असताना खिडक्या बंद.

*पाइप फुटून गादी भिजली, वाळवली, वरून ठीक दिसतेय.* किती वेळात वाळली ते महत्त्वाचं. २४ ते ४८ तासांत आतपर्यंत कोरडी झाली असेल तर ठीक, चार-पाच दिवस ओली राहिली असेल आणि नाक लावल्यावर कुबट वास येत असेल तर टाकून द्या. जीव तुटतो, कळतं मला, पण गादी आतून धुता येत नाही.

प्रश्न : वडिलांची पुस्तकं आणि हाताने लिहिलेल्या वह्या भिंतीच्या कपाटात होत्या. पानांवर राखाडी बुरशी आलीये. टाकावं लागेल का सगळं?

नाही, बरंचसं वाचेल, फक्त घाई करू नका. आज एकच करायचं, ज्या वह्यांवर बुरशी दिसतेय त्या वेगळ्या काढा म्हणजे बाकीच्यांना लागण होणार नाही. ओल्या असतील तर पानं ओढून सुटी करायला जाऊ नका, फाटतात. उभ्या ठेवून पंख्यासारख्या थोड्या उघडा आणि कोरड्या खोलीत वाळू द्या, पंख्याचा झोत थेट पानांवर नको. उन्हात पसरू नका, शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. ओली बुरशी पुसली की शाईसकट फासली जाते, म्हणून ती वाळून भुकटी होईपर्यंत थांबायचं. मग मास्क लावून, घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून मऊ रुंद ब्रशने एकेक पान आतून बाहेरच्या कडेकडे झाडायचं. डाग राहील, तो राहू द्या, अक्षर वाचता येतंय ना ते बघा. शाई फुटलेली, पानं चिकटून ठोकळा झालेली वही मात्र स्वतः हाताळू नका, तशीच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली तर बुरशीची वाढ थांबते आणि कागदपत्रं जतन करणारा जाणकार शोधायला तुम्हाला वेळ मिळतो.

कपाट रिकामं आहेच तर ते भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, मागची फळी साबणाच्या पाण्याने पुसून दोन-तीन दिवस उघडी वाळू द्या आणि हायग्रोमीटर आत ठेवून बघा. आकडा आठवडाभर ६० च्या खाली टिकला की मगच वह्या परत लावा, जरा सैल, दोन वह्यांमधून हवा जाईल अशा.